दुधाचा पैसा घरात, उसाचा पैसा शोरूममध्ये

प्रश्न : मी कागल तालुक्यातली. दोन म्हशी आहेत, दुधाचं बिल दर दहा दिवसांनी येतं आणि घर त्यावरच चालतं. मालक मंडईत दहा रुपयांसाठी घासाघीस करत बसतील, पण उसाचं बिल जमा झालं की माणूसच बदलतो. यंदा दीड लाखाची गाडी घेतली, वरचं एक्स्ट्रा फिटिंग तर किंमत न विचारता घेतलं. माझं सोनं मात्र अजून तारण आहे आणि व्याज चालूच. असं का वागतात?

उत्तर : ताई, तुमचे मालक उधळे नाहीत. चाळीसच्या भाजीत दहा रुपये मोठे दिसतात, दीड लाखापुढं दोन हजारसुद्धा किरकोळ वाटतात. ट्वर्स्की आणि कानेमन या मानसशास्त्रज्ञांनी १९८१ मध्ये लोकांना विचारलेलं, ५ डॉलर वाचवायला वीस मिनिटं लांबच्या दुकानात जाल का, कॅल्क्युलेटर १५ डॉलरचा सांगितला तेव्हा ६८ टक्के हो म्हणाले, १२५ चा सांगितला तर फक्त २९ टक्के. वाचणारे पैसे तेवढेच की ओ.

दुसरं म्हणजे आपण मनातच पैशाचे डबे करून ठेवतो. अर्थशास्त्रज्ञ रिचर्ड थेलर यांनी ह्याला मेंटल अकाउंटिंग म्हटलं, २०१७ चं अर्थशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं त्या कामातला हा एक भाग. दुधाचा पैसा थोडाथोडा येतो म्हणून किराणा, फी, औषधपाणी, आणि उसाचा एकदम येतो म्हणून गाडी, लग्न, स्लॅब. सोनं सोडवलेलं चारचौघांत दिसत नाही, मग ते मागंच पडतं. पण ऊस म्हणजे काय लॉटरी नव्हे, वर्षभर पाणी, खत, भांगलण करून आलेला पैसा आहे, आणि त्यातली भांगलण तुम्हीच केली असणार. दुधाचं बाईचं म्हणून घरखर्चाला आणि उसाचं बाप्याच्या मर्जीला, ही वाटणी मला अजिबात पटत नाही.

गाडी आली ती आली. आता पुढचं बिल यायच्या आधी बोला, नंतर नको. ऊस गेल्यावर एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेला उसाचा किमान दर, कारखान्यानं १४ दिवसांत द्यायची असा कायदा आहे, पैसा उशिरा आला तर तेवढा वेळ आणखी मिळतो. तारणाची पावती समोर ठेवा आणि व्याज टक्क्यात नको, रोजच्या रुपयांत काढून दाखवा, लाखाला वर्षाचे १० टक्के धरले तरी दिवसाला २७ रुपये जातात, दहा रुपयांसाठी भांडणाऱ्या माणसाला ते नक्की बोचतील. मग सोसायटीचं कर्ज कापून जे उरेल त्यातून आधी सोनं, असं दोघांनी मिळून ठरवा आणि जमलं तर खात्यावर तुमचं पण नाव लावून घ्या.