एकशे दहा वर्षांचा एल्फ: वयात आलेला की सज्ञान?

प्रश्न असा आहे: कथेतला एल्फ (कल्पनारम्य कथांतला, माणसासारखाच पण खूप जगणारा जीव) ११० वर्षांचा असून त्याच्या लोकांत तो आत्ता कुठे मोठा मानला जाऊ लागलाय. त्याला ‘नुकताच वयात आलेला’ म्हणावं, की ‘माणसांच्या हिशेबात बारा वर्षांचा’ असं सांगून मोकळं व्हावं? आणि म्हातारपण न येणाऱ्यांना ‘अमर’ चालेल का?

बारा वर्षांचं आधी निकालात काढू. एल्फ ७५० वर्षं जगतो, माणूस ८०, म्हणून ११० म्हणजे जेमतेम बारा. त्रैराशिक चोख आहे, पण लागू पडत नाही. हे ७५० ज्यातून येतात त्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळाच्या पाचव्या आवृत्तीत एल्फचं अंग साधारण माणसाच्याच वयाला भरतं. शंभरीच्या सुमारास तो स्वतःला प्रौढ म्हणवतो आणि मोठेपणीचं नाव घेतो, ते जग पाहून झालं म्हणून.

त्यामुळे ‘वयात येणे’ही बाद. तो वाक्प्रचार सरळसरळ शरीराचा, आणि शरीरानं हा गडी केव्हाच वयात आलाय. तुम्हाला हवाय तो शब्द ‘सज्ञान’. आपण तो कायद्यातल्या अठरा वर्षांसाठी राखून ठेवलाय, सातबाऱ्यावर ‘अ.पा.क.’ असतं, त्यातला ‘अ’ म्हणजे याच्या उलटचा ‘अज्ञान’. पण शब्दात वर्षांचा आकडा कुठेच नाही, आहे ती जाण. एल्फच्या बाबतीत तो अगदी शब्दशः खरा ठरतो. फक्त क्रम मजेशीर होतो: आपल्याकडे सहस्रचंद्रदर्शन एक्याऐंशीच्या आसपास करतात, म्हणजे या पठ्ठ्याचं सहस्रचंद्रदर्शन आधी आणि सज्ञान होणं नंतर.

‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ लिहिणाऱ्या टोलकीनचे एल्फ मात्र याच्या नेमके उलटे. त्यांचं मूल वर्षाचं व्हायच्या आत बोलतं. पण माणसाची पोरं पुरती उंच होतात तेव्हा त्याच वयाचा एल्फ अंगानं जेमतेम सात वर्षांचा दिसतो आणि त्याचा बांधा भरायला पन्नाशी उजाडते. तिथे ‘सज्ञान’ लिहिलंत तर घोटाळा. ‘जाणतं पोर’ म्हणा, किंवा चाळिशीतला असेल तर ‘पोरसवदा’. त्याच लेखकाचे हॉबिट (बुटके, माणसासारखे लोक) ३३व्या वर्षी कर्तेसवरते होतात, तोवरची सगळी विशी उनाडकीची. त्यांना ‘विशीतलं कार्टं’ पुरे.

आता ‘अमर’. आपण ‘अजरामर’ इतकं एका दमात म्हणतो की त्यात दोन शब्द आहेत हेच विसरतो. जरा म्हणजे म्हातारपण, ते नाही तो अजर, मरण नाही तो अमर. ययातीला शुक्राचार्यांनी शाप दिला तो जरेचा, मरणाचा नव्हे. म्हणून तर ती पुरूला देऊन त्याचं तारुण्य घेता आलं. सातशे वर्षांनी का होईना, मरणारा एल्फ अमर नाही. अखेरपर्यंत सुरकुती पडत नसेल तर ‘अजर’ लिहा. ‘चिरतरुण’ मी टाळेन. तो शब्द नट्यांच्या वाढदिवसांच्या लेखांत वापरून वापरून गुळगुळीत झालाय. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’मधले ड्वॉर्फ, म्हणजे बुटके, साडेतीनशे वर्षं जगतात, पण म्हातारे होतात. त्यांना साधं ‘दीर्घायुषी’.

‘चिरंजीव’ मात्र जपून वापरा. अश्वत्थामा-बिभीषणाला तो शोभतो, पण ‘एल्फराजाचे चिरंजीव’ लिहिलंत की मराठी वाचकाला राजाचा मुलगाच दिसणार.