जर्नल की सीईटी?

प्रश्न : बारावी सायन्सला आहे. जर्नल लिहिण्यातच रात्र जाते, एमएचटी-सीईटी राहते. बोर्डाकडे दुर्लक्ष करू का? – एक विद्यार्थिनी, बार्शी

उत्तर : नको गं बाळा. इंजिनिअरिंगला खुल्या वर्गातून फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स मिळून बोर्डात ४५ टक्के लागतातच. जर्नल मात्र प्रॅक्टिकल झालं त्याच संध्याकाळी उरकत जा. आमची लेक परीक्षेच्या आदल्या रात्री अख्खं जर्नल उतरवायला बसली आणि लंबकाच्या आकृतीवरच डोकं टेकून झोपली! सीईटीत गणिताचे ५० प्रश्न, १०० गुण, ९० मिनिटं. म्हणून बोर्डासाठी धडा सविस्तर सोडवलास की लगेच त्यावरचे दहा प्रश्न घड्याळ लावून सोडव. चुकीला गुण कापत नाहीत, तेव्हा एकही रिकामा ठेवू नकोस. अकरावीवर साधारण २० टक्के प्रश्न असतात. ती पुस्तकं रद्दीत नाही ना घातलीस?