घर घेण्याआधी: सर्व्हे नंबर हाती धरून चला

बदलापूर, कल्याण, डोंबिवली या पट्ट्यातल्या गृहसंकुलांत घर पाहणाऱ्या वाचकांचे चार प्रश्न या वेळी घेतले आहेत.

प्रश्न: बदलापूर पश्चिमेला सहा टॉवरच्या संकुलात टू बीएचके पसंत पडला आहे. आमचा टॉवर चौथा, मजला सतरावा. बिल्डरकडे महारेरा नंबर (राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाकडचा प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक) आहे, बँकेनेही प्रकल्पाला कर्ज मंजूर केलं आहे. एवढं पुरे का?

उत्तर: पुरे नाही. महारेरा नंबर म्हणजे चौकशीची सुरुवात. डोंबिवली परिसरातल्या ६५ इमारतींचं प्रकरण आठवा. महापालिकेच्या बनावट बांधकाम परवानग्या जोडून महारेराची नोंदणी मिळवली गेली, लोक राहायला आले आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या इमारती पाडायचा आदेश दिला. नंबर त्यांच्याकडेही होताच. बँकेचा वकील बँकेचं कर्ज सुरक्षित आहे का ते पाहतो. तुमचा संसार त्याच्या कामात येत नाही.

महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचं पान उघडा आणि गाव, सर्व्हे नंबर, हिस्सा नंबर वहीत उतरवून घ्या. यापुढचा प्रत्येक कागद याच नंबराशी जुळला पाहिजे. हिस्सा ३ आणि हिस्सा ३/अ हे शेजारशेजारचे पण वेगळे तुकडे असतात. परवानगी एका तुकड्याची आणि टॉवर दुसऱ्यावर, हा घोळ कागद सुटे सुटे पाहिले तर दिसतच नाही.

मग डिजिटल सहीचा सातबारा काढा. ऑनलाइन १५ रुपयांत मिळतो. फुकट दिसणारा फक्त माहितीपुरता असतो. त्यात आधी भूधारणा पद्धती वाचा. 'भोगवटादार वर्ग २' लिहिलं असेल तर त्या जमिनीच्या हस्तांतरावर सरकारी बंधन आहे, म्हणजे परवानगीचा आदेश मागायचा. नंतर 'इतर हक्क' हा रकाना. कूळ, बँकेचा बोजा, कोर्टातला दावा, सगळं तिथे सापडतं. मालक म्हणून बिल्डरऐवजी गावातल्या कुटुंबाची नावं दिसली तर लगेच घाबरू नका. विकसन करारावर, म्हणजे मालकाने बिल्डरला बांधायचा हक्क दिलेल्या करारावर, चालणाऱ्या प्रकल्पात तसंच असतं. पण मग तो करार नोंदणीकृत हवा आणि सातबाऱ्यावरच्या प्रत्येक हिस्सेदाराची त्यावर सही हवी. एका बहिणीची सही राहिली म्हणून वर्षानुवर्षं दावे चालतात. नोंदणी विभागाच्या ई-सर्चमध्ये गाव आणि सर्व्हे नंबर टाकून इंडेक्स टू, म्हणजे नोंदलेल्या दस्ताचा गोषवारा, पाहता येतो. मागच्या ३० वर्षांतल्या व्यवहारांचा शोध (सर्च) मात्र स्वतःच्या वकिलाकडूनच करून घ्या, बिल्डरने सुचवलेल्या वकिलाकडून नको.

तिसरा थांबा कुळगाव-बदलापूर नगरपरिषदेचा नगररचना विभाग. तिथे त्या सर्व्हे नंबराचा झोन दाखला (जमीन कोणत्या वापरासाठी आहे ते सांगणारा) आणि विकास आराखड्याचा भाग नकाशा मागा. आराखड्यात रस्ता, शाळा, उद्यान असं काही आरक्षण त्या जमिनीवर नाही ना, हे त्यातून कळतं. नालासोपारा पूर्वेला सांडपाणी प्रक्रिया केंद्र आणि कचराभूमीसाठी राखीव असलेल्या जमिनीवर ४१ इमारती उभ्या राहिल्या होत्या. २०२५ च्या सुरुवातीला त्या जमीनदोस्त झाल्या. त्याच खिडकीवर बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्राचा (बांधकाम सुरू करायच्या परवानगीचा) जावक क्रमांक आणि तारीख दाखवून 'हे तुमच्या दप्तरातलंच आहे का' असं विचारा. तोंडी 'हो' वर समाधान मानू नका. माहितीच्या अधिकाराचा अर्ज १० रुपयांत होतो. त्यात प्रमाणपत्र आणि मंजूर नकाशाच्या प्रमाणित प्रती मागा. नियमाने ३० दिवसांत उत्तर यायला हवं, आणि घरासाठी एक महिना थांबणं परवडतं.

तुमचा मजला सतरावा, म्हणून हे खास. प्रारंभ प्रमाणपत्र पुष्कळदा आधी जोत्यापर्यंतच मिळतं आणि पुढे टप्प्याटप्प्याने वाढवलं जातं. महारेराच्या पानावर मंजूर मजले आणि प्रस्तावित मजले वेगळे दिलेले असतात. मंजूर १४ आणि प्रस्तावित २१ असेल तर तुमचा फ्लॅट आज कागदावर अस्तित्वातच नाही. मंजुरीची प्रत हातात येईपर्यंत करार करू नका.

शेवटी, सहा टॉवरचे महारेरा नंबर वेगवेगळे आहेत का ते बघा. माहितीपत्रकात दिसणारा क्लब हाउस, तरण तलाव आणि जास्तीचं पार्किंग बहुतेक वेळा शेवटच्या टप्प्याच्या नोंदणीत असतं. तुमच्या नंबराखाली ते नोंदलेलं नसेल तर तुमच्या ताब्याच्या तारखेशी त्याचा संबंध नाही.

प्रश्न: आम्ही पाहतोय ते संकुल उल्हास नदीपासून दीड किलोमीटरवर आहे. एजंट म्हणतो, पाणी इथवर येत नाही. खात्री कशी करावी?

उत्तर: अंतरावर जाऊ नका, उंची बघा. नदी भरली की तिला मिळणारे ओढे-नाले पुढे सरकत नाहीत, उलट मागे तुंबतात, आणि नदीपासून लांबच्या सखल भागातही पाणी शिरतं. २६ जुलै २००५ ला बदलापूरने ते पाहिलं. २७ जुलै २०१९ ला याच पट्ट्यात, वांगणीजवळ, महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली आणि हजारावर प्रवासी बाहेर काढावे लागले.

जलसंपदा विभागाच्या पूररेषा नकाशावर दोन रेषा असतात. निळी रेषा सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळीच्या आत बांधकामाला मनाई, निळी आणि लाल यांच्या मध्ये अटींसह परवानगी. तुमचा सर्व्हे नंबर कुठे पडतो हे नगररचना विभागातच विचारा. मधल्या पट्ट्यात असेल तर परवानगीतली जोत्याच्या उंचीची अट वाचा आणि जागेवर टेपने मोजून बघा.

मग शेजारच्या, दहा-पंधरा वर्षं जुन्या सोसायटीच्या स्टिल्टमध्ये, म्हणजे इमारतीखालच्या खांबांवरच्या मोकळ्या पार्किंगमध्ये, जा. खांबांवर कमरेएवढ्या उंचीपर्यंत रंग वेगळा दिसतो का? गिलावा फुगून लोणा आलाय का? विजेचे मीटर नंतर वर चढवल्याच्या खुणा, म्हणजे जुन्या पेटीची बुजवलेली भोकं, दिसतात का? भिंतीने सांगितलेलं एजंटला पुसता येत नाही. जमिनीखालच्या टाकीचं झाकणही बघा. त्याची कड फरशीच्या पातळीत असेल तर पुराचं गढूळ पाणी सरळ पिण्याच्या पाण्यात मिसळतं. ती किमान फूट-दीड फूट उंच असावी. नव्या संकुलाने भराव टाकून आपली जमीन वर घेतली असेल तर तुम्ही कोरडे राहाल, पण तुमच्या प्रवेशरस्त्यावर गुडघाभर पाणी साचेल. तो रस्ता पावसाळ्यात, धो धो पाऊस असताना पाहून या.

प्रश्न: कल्याणमध्ये १८ वर्षं जुन्या सोसायटीत रीसेलचा फ्लॅट घेतोय. सोसायटीकडे काय मागावं?

उत्तर: भोगवटा प्रमाणपत्र (ओसी, इमारत वापरायला पालिकेने दिलेली परवानगी) आधी. ते नसेल तर इमारत कायद्याच्या नजरेत अपुरीच, आणि किंमत कितीही उतरली तरी आम्ही घ्या म्हणणार नाही. त्यानंतर अभिहस्तांतरण (कन्व्हेयन्स), म्हणजे जमीन आणि इमारत सोसायटीच्या नावावर होणं. जमीन अजून बिल्डरच्याच नावावर असेल तर उद्याच्या पुनर्विकासात सोसायटीचे हात बांधलेले राहतात. बिल्डर ते करून देत नसेल तर मानीव अभिहस्तांतरणाचा (डीम्ड कन्व्हेयन्स) अर्ज जिल्हा उपनिबंधकांकडे केला आहे का, हे विचारा. विक्रेत्याकडून पहिल्या खरेदीपासूनच्या सर्व नोंदणीकृत करारांची साखळी, भाग दाखला (सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट) आणि थकबाकी नसल्याचं पत्र घ्या.

ताळेबंद जरूर वाचा. सोसायटीच्या उपविधींप्रमाणे सिंकिंग फंड, म्हणजे मोठ्या दुरुस्तीसाठीचा राखीव निधी, बांधकाम खर्चाच्या किमान वार्षिक ०.२५ टक्का जमवायचा असतो. बांधकाम खर्च ४ कोटी असेल तर वर्षाला १ लाख, म्हणजे १८ वर्षांत व्याज सोडून १८ लाख. ठेवींत ३ लाखच दिसले तर पुढची मोठी दुरुस्ती तुमच्या खिशातून होणार. १५ ते ३० वर्षं वयाच्या इमारतीचं संरचनात्मक परीक्षण (स्ट्रक्चरल ऑडिट) दर ५ वर्षांनी करायचं असतं. १८ व्या वर्षी त्याचा अहवाल हवाच. अहवाल मिळो न मिळो, स्टिल्टच्या तुळया खालून बघा. सळईच्या रेषेत लांबट भेग आणि तिला गंजाचा तपकिरी ओघळ दिसला तर आतलं लोखंड फुगलंय. रंगरंगोटीने ते थांबत नाही.

आणि हो, फ्लॅट नावावर करताना सोसायटी घेते ते हस्तांतर अधिमूल्य कमाल २५,००० रुपये. वर 'देणगी' मागितली तर द्यायचं बंधन नाही.

प्रश्न: पाण्याची चौकशी कशी करावी? आणि एजंट आजच टोकन मागतोय.

उत्तर: पाण्याचं गणित सोपं आहे. माणशी दिवसाला १३५ लिटर हा शहरी पाणीपुरवठ्याचा मापदंड. चार माणसांचं घर धरलं तर ५४० लिटर, २०० घरांचं संकुल म्हणजे १ लाख ८ हजार. नळजोडणीतून निम्मं आलं तरी १०,००० लिटरचे रोज पाच-सहा टँकर लागतात. राहत्या संकुलात एप्रिल-मेची टँकरची बिलं मागा, नव्या संकुलात नळजोडणीचं मंजुरीपत्र. सकाळी सहाला फाटकाशी अर्धा तास उभं राहिलं तरी टँकर मोजता येतात.

टोकन आज देऊ नका. नोंदणीकृत करार झाल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही, हे रेरा कायद्याचं कलम १३. वरची तपासणी झाल्यावर द्यायचीच असेल तर ती महारेराच्या पानावर नोंदलेल्या खात्यातच बँकेमार्फत द्या. पावतीवर फ्लॅट नंबर, टॉवर, रेरा कार्पेट क्षेत्र (घराच्या आतली वापरायची जागा) आणि महारेरा नंबर लिहून घ्या. रोख रक्कम किंवा एजंटच्या नावाचा चेक नको.