रेडिएटर कोमटच का?

प्रश्न : घरात हीट पंप बसवला. खोली तापवणारे गरम पाण्याचे रेडिएटर जेमतेम कोमट लागतात, आणि कडाक्याच्या थंडीत बाहेरच्या युनिटमधून वाफ निघते. बिघाड आहे का?

उत्तर : नाही हो. पहिल्या हिवाळ्यात मीही रात्री उठून रेडिएटर चाचपायचो! हीट पंप उष्णता तयार करत नाही, बाहेरच्या हवेतली ओढून आत आणतो. म्हणून 1 युनिट विजेत साधारण 3 युनिट उष्णता मिळते. रेडिएटरमधलं पाणी 35 ते 45 अंशांवर असेल तरच हा हिशेब जमतो. 60 वर नेलंत की बिल चढलंच. खोली ऊबदार आहे ना? मग सेटिंगला हात लावूच नका. वाफ म्हणजे बाहेरच्या युनिटच्या कॉइलवरचा, म्हणजे नळ्यांवरचा, बर्फ वितळतोय. रात्री पंप बंद मात्र करू नका, सकाळी गार भिंती तापवताना त्याचा जीव जातो.