पद्मिनीचा गंजलेला पत्रा: पहिले काम कोणते?

प्रश्न : आजोबांनी १९८३ साली घेतलेली प्रीमियर पद्मिनी गेली अकरा वर्षे आमच्या घराशेजारच्या शेडमध्ये उभी आहे. इंजिन सुरू होते; परंतु मागच्या सीटपुढे पाय ठेवण्याच्या जागी पत्र्यातून खालची जमीन दिसते, दारांच्या खालच्या कडांना रंग फुगला आहे आणि डाव्या दारांखालच्या पट्टीत स्क्रू-ड्रायव्हर सहज आत जातो. एका गॅरेजने फायबर व पुट्टी लावून पंधरा दिवसांत गाडी रंगवून देण्याची तयारी दाखवली आहे. माझी ही पहिलीच जुनी गाडी असून जमेल तेवढे काम स्वतः शिकून करण्याची इच्छा आहे. सुरुवात कोठून करावी? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : फायबर व पुट्टीचा प्रस्ताव कृपया स्वीकारू नये. कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट म्हणून आणि १९७४ पासून पद्मिनी या नावाने तयार झालेल्या या गाडीला ट्रकसारखी वेगळी चासी (खालची लोखंडी चौकट) नाही. तळ, दारांखालच्या पोकळ पट्ट्या, खांब आणि छप्पर हे सारे जोडूनच तिचा सांगाडा बनतो. त्यामुळे ज्या पट्टीत आपला स्क्रू-ड्रायव्हर आत गेला, ती शोभेची कड नसून गाडीचा भार पेलणारी तुळई आहे. तिच्यावर फायबर चिकटवले तर भोक झाकले जाईल, परंतु गेलेली ताकद परत येणार नाही, आणि आतला गंज रंगाखाली वाढतच राहील.

पहिले काम म्हणजे पाणी कोठून येते हे शोधणे. तळाचा पत्रा खालून, रस्त्यावरच्या चिखलाने कुजतो अशी समजूत आहे. शेडमध्ये उभ्या असलेल्या गाडीत तो बहुधा वरून कुजलेला असतो. पुढच्या काचेचे रबर कडक होऊन भेगाळते, तेथून झिरपलेले पाणी गालिच्याखाली साठते आणि गालिचा ते महिनोन्‌महिने धरून ठेवतो. दारांचे तसेच आहे. काचेच्या कडेने दारात पाणी उतरणारच, आणि ते निघून जावे म्हणून दाराच्या तळाशी छिद्रे ठेवलेली असतात. धूळ, पाने आणि जुन्या रंगाने ती बुजली की दार आतून सडू लागते. म्हणून सीट, गालिचे आणि दारांची आतली आवरणे काढून एका व्यक्तीने बाहेरून पाइपने पाणी सोडावे व दुसरीने आत टॉर्च घेऊन बसावे. अर्ध्या तासाच्या या कामाने पुढचे अनेक महिने वाचतात. गळती बंद न करता बसवलेला नवा पत्राही काही पावसाळ्यांतच पुन्हा कुजतो.

आपली गाडी समुद्राकाठची असल्याने आणखी एक गोष्ट आवर्जून करावी. खाऱ्या वाऱ्यातले मीठ सांध्यांत बसते व हवेतला ओलावा ओढून घेते. कोरड्या दिसणाऱ्या पत्र्यालाही ते गंजवत राहते. घासण्यास सुरुवात करण्यापूर्वी गाडीचा तळ, चाकांवरच्या कमानी आणि पोकळ जागा भरपूर गोड्या पाण्याने दोन-तीनदा धुवाव्यात आणि पूर्ण वाळू द्याव्यात. मीठ आत ठेवून वर लावलेला कोणताही प्रायमर टिकत नाही.

त्यानंतर टोकदार हातोडी व जुना स्क्रू-ड्रायव्हर घेऊन संपूर्ण गाडी ठोकून पाहावी. चांगला पत्रा खणखणीत वाजतो, कुजलेला बद्द आवाज देतो. पुढच्या सस्पेन्शनच्या जोडण्या, मागच्या पाट्यांची (लीफ स्प्रिंगची) टोके जेथे बसतात त्या जागा, जॅक लावण्याच्या जागा, बॅटरीखालची बैठक आणि डिकीचा तळ या जागा मुळीच वगळू नयेत. प्रत्येक जागेचा फोटो काढून वहीत नोंद करावी. रंगावर रुपयाएवढा फोड दिसत असेल तर खाली तळहाताएवढा पत्रा गेलेला असू शकतो, कारण गंज लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो आणि फोड दिसू लागतो तेव्हा आतले नुकसान बरेच पुढे गेलेले असते. माझ्या पहिल्या गाडीच्या तळावर आवाज कमी करण्यासाठी लावलेला डांबरी थर मी शाबूत समजून तसाच ठेवला होता. वर्षभराने तो खरवडला तेव्हा खाली पत्रा जवळजवळ उरलाच नव्हता. आपण तो थर आधीच काढावा.

आता कोणते काम स्वतः करावे, हा आपल्या प्रश्नाचा गाभा. माझे स्पष्ट मत असे की तळाचे सपाट तुकडे आणि दारांच्या खालच्या कडा आपण कराव्यात. दारांखालची पोकळ पट्टी आणि सस्पेन्शनच्या जोडण्या अनुभवी डेंटरकडून (पत्राकाम करणाऱ्या कारागिराकडून), पण आपल्या देखरेखीखाली करून घ्याव्यात. ती पट्टी कापण्यापूर्वी गाडी समपातळीत भक्कम टेकवावी लागते, दारांच्या चौकटीत लोखंडी आडवे टेके तात्पुरते वेल्ड करावे लागतात आणि एका वेळी एकच बाजू उघडावी लागते. हे न केल्यास सांगाडा वाकतो आणि मग दारे कधीच नीट लागत नाहीत.

तळासाठी २० गेजचा, म्हणजे सुमारे ०.९ मिलिमीटर जाडीचा सीआर (कोल्ड रोल्ड, म्हणजे थंड लाटलेला) पत्रा योग्य आहे. गंजलेला भाग लखलखीत, पूर्ण जाडीचा पत्रा लागेपर्यंत कापावा. भोकाच्या कडेलाच वेल्डिंग करू लागल्यास पातळ झालेला पत्रा जळून भोक वाढत जाते. कापताना गाडीवर कोरलेला चासी क्रमांक व कंपनीची पट्टी यांना धक्का लागू देऊ नये. पुठ्ठ्याचा साचा कापून त्यावरून पत्रा कापावा. वेल्डिंग शक्यतो मिग यंत्राने (विजेवर चालणाऱ्या व तार आपोआप पुढे सरकवणाऱ्या यंत्राने), ०.६ किंवा ०.८ मिलिमीटरच्या तारेने करावे. गॅसच्या ज्योतीने पातळ पत्रा फार तापतो व लाटेसारखा वळतो. मिगनेही सलग रेघ ओढू नये: सुमारे इंचभर अंतराने टाके घालावेत, एक टाका एका टोकाला तर पुढचा दुसऱ्या टोकाला, आणि पत्र्याला हात लावता येईल इतका थंड झाल्यावरच मधल्या जागा भराव्यात. हे हातात बसण्यासाठी भंगारातले एखादे दार आणून त्यावर काही रविवार सराव करावा. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ रोजी सेवेतून गेली. या टॅक्सींमुळे जुनी दारे, बॉनेट आणि मडगार्ड अजूनही कुर्ल्याच्या भंगार बाजारात शोधण्यासारखे आहेत. घेण्यापूर्वी मात्र चुंबक लावून पाहावे, कारण जाड पुट्टीवर चुंबक धरत नाही.

वेल्डिंगपूर्वी बॅटरी सोडावी, पेट्रोलची टाकी व नळ्या गाडीबाहेर काढून दूर ठेवाव्यात आणि पत्र्याच्या मागे असलेली वायरिंग, फोम व डांबर दूर करावे. अग्निशामक हाताशी असावा आणि काम संपल्यावर किमान अर्धा तास गाडी सोडून जाऊ नये. गालिच्याच्या घडीत धुमसणारी ठिणगी बराच वेळ दिसत नाही.

प्रश्न : आमचे पेंटर घासलेल्या पत्र्यावर थेट लांबी भरतात आणि वॉटर पेपरने पाणी लावून घासतात. तरीही दीड वर्षात त्याच जागी फोड येतात. असे का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : कारण आपल्या प्रश्नातच आहे. लांबी किंवा पुट्टी स्पंजासारखी पाणी शोषते. उघड्या पत्र्यावर ती भरून ओली घासली की पाणी थेट लोखंडापर्यंत पोहोचते आणि रंगाखाली कोंडले जाते. आधी पत्र्यावर एपॉक्सी प्रायमर घ्यावा, तो वाळल्यावर हलके घासून त्यावर दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जाड न होईल इतकीच पुट्टी भरावी आणि ती कोरडीच घासावी. वॉटर पेपर पुढच्या, रंगाच्या थरांसाठी राखून ठेवावा. नेहमीचा रेड ऑक्साइड स्वस्त असला तरी तो ओलावा एपॉक्सीइतका अडवत नाही. दोन भागांच्या रंगातील हार्डनरमध्ये आयसोसायनेट हे फुप्फुसांना घातक रसायन असते; ते फवारताना साधा कापडी मास्क निरुपयोगी असून बाहेरची स्वच्छ हवा पुरवणारा मुखवटाच लागतो. तो नसेल तर फवारणी रंगशाळेत करून घ्यावी.

प्रश्न : गंज काळा करणारे द्रावण लावले तर पत्रा कापण्याची गरज उरते का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : वरवरचा गंज असेल, म्हणजे घासल्यावर खाली घट्ट पत्रा लागत असेल, तर फॉस्फोरिक आम्लाचे द्रावण उपयोगी पडते. पत्र्याला भोक पडले असेल किंवा पापुद्रे निघत असतील तर कापण्याला पर्याय नाही. द्रावण लावल्यानंतर डब्यावरील सूचनेनुसार उरलेले आम्ल काढावे, कारण त्यावर एपॉक्सी नीट धरत नाही. कोकणात आणि घाटमाथ्यावर जून ते सप्टेंबर या काळात उघडा पत्रा काही तासांतच तांबूस होतो. त्यामुळे पावसाळ्यात एका दिवसात प्रायमरपर्यंत नेता येईल तेवढाच भाग उघडावा, आणि नव्या सांध्यांवर सीलर व पोकळ पट्ट्यांत मेण फवारूनच दारांची आवरणे परत लावावीत.