टेंडर निघायच्या आधी

प्रिय मैत्रिणीस,

वस्तीतली पालिकेची शाळा पाडून नवी होणार, ती 'हिरवी' व्हावी आणि काम आपल्याच पोरांना मिळावं, असं तुमच्या मंडळानं ठरवलंय. मोर्चा नंतर काढा. आधी एस्टिमेट कुठल्या टेबलावर आहे ते शोध. टेंडर निघालं की ठेकेदार बीओक्यूत, म्हणजे टेंडरसोबतच्या कामांच्या आणि मोजमापांच्या यादीत, लिहिलंय तेवढंच करतो. नंतर मागाल ते सगळं 'एक्स्ट्रा आयटम' होतं आणि फाइल फिरत राहते. पालिकेचा अर्थसंकल्प फेब्रुवारीच्या सुरुवातीला मांडतात, म्हणजे मागणी दिवाळीआधी लेखी गेलेली बरी.

ती मंडळाच्या लेटरहेडवर नको, शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव करून द्या. शिक्षण हक्क कायद्यानुसार या समितीत 75 टक्के पालक आणि निम्म्या महिला लागतात. बऱ्याच ठिकाणी ती रजिस्टरपुरतीच असते. सह्या करणाऱ्या आयांनाही आपण सदस्य आहोत हे ठाऊक नसतं. आधी ती जागी करा. आराखडा दाखवायला टाळाटाळ झाली तर माहिती अधिकारात 10 रुपये भरून अर्ज टाका, 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

मागण्या थोड्या, पण मोजमापासकट लिही. नुसतं 'पर्यावरणपूरक' लिहिलंस तर भिंतीवर झाड रंगवून देतील. वर्गाच्या खिडक्या जमिनीच्या क्षेत्रफळाच्या निदान एक षष्ठांश, आणि समोरासमोर. पंखे 75 वॅटऐवजी तीसेक वॅटचे, कमी वीज खाणारे बीएलडीसी मोटरचे. सिमेंट फ्लाय-अ‍ॅशचं पीपीसी (वीजकेंद्रातली राख मिसळलेलं), पण मग क्युरिंग, म्हणजे काँक्रीटवर पाणी मारत राहणं, 7 नव्हे, किमान 10 दिवस. ते बीओक्यूच्या ओळीत लिहूनच घे, कारण पाणी मारायचा माणूस सगळ्यात आधी कमी केला जातो.

खरी परीक्षा गच्चीवर. 10 किलोवॅट सोलरला साधारण 100 चौरस मीटर बिनसावलीची जागा लागते. नकाशात पाण्याची टाकी आणि लिफ्टची खोली दक्षिणेला असेल तर ती आत्ताच हलवायला सांग. आणि क्रम पाळ: आधी सोलरच्या चौकटीसाठी स्लॅबला बांधलेले काँक्रीटचे पेडस्टल (बुटके खांब), मग वॉटरप्रूफिंग, वर पांढऱ्या फुटक्या टाइल्सचा चायना मोझॅक, शेवटी पॅनेल. नेहमी होतं ते उलटं. ब्रिकबॅट कोबा, म्हणजे विटांच्या तुकड्यांचा वॉटरप्रूफिंगचा थर, होऊन जातो, मग सोलरवाला येतो, ड्रिल मारून अँकर ठोकतो आणि पहिल्याच जुलैत वरच्या मजल्यावरचा वर्ग गळतो. वॉटरप्रूफिंगवाला आणि सोलरवाला एकमेकांकडे बोट दाखवतात. पॅरापेटच्या (गच्चीच्या कठड्याच्या) कोपऱ्यातला गोल वाटा (सिमेंटची गोलाई) आणि पाणी जायच्या तोंडाभोवतीचा उतार स्वतः हात फिरवून बघ. मग तोंडं बंद करून गच्चीवर 48 तास पाणी उभं ठेवायचं आणि खालून टॉर्च मारून पेडस्टलखालच्या, पाइपाभोवतीच्या जागा तपासायच्या. हे मे महिन्यात. जूनमध्ये केलंत तर ओल कुठली आणि गळती कुठली, कळणार नाही.

पावसाच्या पाण्याचा हिशोब सोपा: 400 चौरस मीटर गच्ची, 25 मिलिमीटर पाऊस, गुणिले 0.8, म्हणजे 8,000 लिटर. पहिलं मिलिमीटरभर पाणी कबुतरांच्या विष्ठेसकट सोडून द्यायचं, बाकीचं संडासांच्या फ्लशच्या टाक्यांना. त्यासाठी वेगळी पाइपलाइन हवी, म्हणून हेही बीओक्यूतच. खाडीलगतच्या भरावावर जिरवण खड्ड्याचा आग्रह धरू नकोस. पावसाळ्यात तो मुळातच भरलेला असतो.

आता पोरांचं. आयटीआयचा वीजतंत्रीचा कोर्स 2 वर्षांचा, नळ कारागिराचा 1 वर्षाचा. पाया खणताना वीजतंत्रीला नाव घातलेला मुलगा कोर्स संपवेपर्यंत इमारत उभी राहिलेली असेल. त्यामुळे दोन याद्या कर. शिकत असलेल्यांना त्यांच्या कामाच्या टप्प्यावर अ‍ॅप्रेंटिस म्हणून आत घ्यायचं. बाकीच्यांना थोड्या दिवसांचं प्रशिक्षण, तेही साइटवर, वॉटरप्रूफिंग, प्लंबिंग, सोलरच्या चौकटी अशा कामांत. वायरिंगची जोडणी मात्र परवानाधारकाच्या देखरेखीखालीच. प्रशिक्षणाच्या दिवसांची मजुरी टेंडरमध्ये धरलेली नसेल तर नाव देणारी अर्धीअधिक मुलं पहिल्याच आठवड्यात परत मजूर नाक्यावर दिसतील, आणि त्यात त्यांची चूक काही नाही. घरात संध्याकाळी रोख लागते.

मुकादमाच्या वहीवर विसंबू नकोस. नाव, हजेरी आणि काम लिहिलेली वेगळी वही ठेव, रोज संध्याकाळी मुकादमाचीच सही घे. बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणीसाठी 18 ते 60 वय आणि मागच्या 12 महिन्यांत 90 दिवस कामाचा दाखला लागतो. साइट संपल्यावर ठेकेदाराचा फोन लागत नाही. म्हणून ज्याचे 90 भरले, त्याचा दाखला त्याच आठवड्यात सही-शिक्क्यानिशी घ्यायचा. आधारवरचं स्पेलिंग आणि बँक पासबुकातलं स्पेलिंग आत्ताच जुळवून बघ. बहुतेकांचं जुळत नाही.