इंग्रजी बोलताना-लिहिताना ट्रान्झिशन वर्ड्स नीट कसे वापरायचे?

तुम्ही लिहिलंय की तुम्ही सोलापुरात बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहात, क्लासमध्ये ट्रान्झिशन वर्ड्सची, म्हणजे वाक्यं एकमेकांना जोडणाऱ्या शब्दांची, भली मोठी यादी दिलीय, ती तोंडपाठ झालीय, पण लिहायला बसलं की सगळीकडे मोरओव्हर आणि हाउएव्हरच पडतात आणि बोलताना तर त्यातला एकही आठवत नाही. मी पण सोलापूरचीच, अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टेरी टॉवेलच्या कारखान्यात एक्स्पोर्टचा पत्रव्यवहार बघते. दिवसभर परदेशातल्या बायरना मेल लिहायचे, फोनवर बोलायचं, आणि ऑफिसात नवीन लागलेल्या पोरापोरींचे मेल जायच्या आधी तपासायचे. तुमची अडचण मला रोज समोर दिसते, म्हणून सविस्तर लिहितेय.

पहिलं म्हणजे ती यादी बाजूला ठेवा. यादीत काय होतं, भर घालणारे शब्द म्हणून ऑल्सो, मोरओव्हर, फर्दरमोर, बिसाइड्स असे सगळे एका रांगेत बसवलेले असतात आणि वाचणाऱ्याला वाटतं की कुणाच्याही जागी कुणालाही टाकलं तरी चालतंय. चालत नाही. बिसाइड्स घ्या. "द रेट इज टू हाय. बिसाइड्स, वी डोन्ट नीड सो मेनी पीसेस." इथं तो बरोबर बसतो, कारण नकार द्यायला पहिलं कारण पुरेसं होतं आणि वर हे आणखी एक. पण रिपोर्टमध्ये "सेल्स वेंट अप. बिसाइड्स, प्रॉफिट वेंट अप" लिहिलं तर वाचणारा गोंधळतो, इथं कुठला वाद चाललाय? तिथं साधं "अँड सो डिड प्रॉफिट" पुरतं.

म्हणून शब्द शोधायच्या आधी दोन वाक्यांचं एकमेकांशी नातं काय आहे ते स्वतःशी मराठीत बोलून बघा. "द यार्न केम लेट. द शिपमेंट लेफ्ट ऑन टाइम." सूत उशिरा आलं, *तरीपण* माल वेळेत गेला. म्हणजे अपेक्षेच्या उलट झालं, मग स्टिल किंवा इव्हन सो. आता दुसरं वाक्य बदला, "द शिपमेंट वॉज डिलेड", की लगेच नातं कारण आणि परिणामाचं झालं, मग सो. आणि "इट वॉज द राँग काउंट" (काउंट म्हणजे सुताच्या जाडीचा नंबर) असं असेल तर आधीच्या तक्रारीत भर पडली, मग ऑल्सो. पहिलं वाक्य तेच आहे बघा, नातं बदललं की शब्द बदलला. आणि नातं वाचणाऱ्याला आपोआप कळत असेल तर शब्दच नको. "इट वॉज रेनिंग. वी टुक अ रिक्षा." यात देअरफोर घातला तर उगाच कोर्टाचा निकाल वाचल्यासारखं वाटतं.

एक उदाहरण जवळून बघू. आपल्या सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांवर परिच्छेद लिहायचाय असं धरा. यादी पाठ केलेली मुलं साधारण असं लिहितात: "डॉक्टर कोटणीस वॉज बॉर्न इन सोलापूर इन 1910. मोरओव्हर, ही स्टडीड मेडिसिन इन बॉम्बे. फर्दरमोर, ही वेंट टू चायना इन 1938. हाउएव्हर, ही ट्रीटेड वुंडेड सोल्जर्स. देअरफोर, ही डाइड देअर इन 1942." व्याकरणात एकही चूक नाही, पण अर्थ बघा. जन्म आणि शिक्षण हा नुसता काळाचा क्रम आहे, त्यात मोरओव्हरचं काय काम? चीनला गेले आणि जखमी सैनिकांवर उपचार केले, यात उलट काहीच नाही, ते त्यासाठीच गेले होते. आणि शेवटचा देअरफोर तर असं सांगतो की उपचार केले म्हणून वारले.

आता हे वाचा: "डॉक्टर कोटणीस वॉज बॉर्न इन सोलापूर इन 1910 अँड स्टडीड मेडिसिन इन बॉम्बे. इन 1938 ही वेंट टू चायना विथ फोर अदर इंडियन डॉक्टर्स टू ट्रीट सोल्जर्स वुंडेड इन द वॉर अगेन्स्ट जपान. द अदर फोर इव्हेंच्युअली केम होम. कोटणीस, हाउएव्हर, नेव्हर डिड. ही डाइड देअर इन 1942, ॲट द एज ऑफ 32." यादीतला मोठा शब्द म्हणाल तर यात एकच आहे, हाउएव्हर, आणि तोही वाक्याच्या सुरुवातीला नाही, नावाच्या मागे आहे. तिथं ठेवला की जोर कोटणीसांवर येतो, बाकीचे चौघं परतले, *हे* मात्र परतले नाहीत. बाकी सगळं जोडकाम कुणी केलं? "इन 1938" नं, "द अदर फोर" नं, "देअर" नं. चांगल्या इंग्रजीत निम्म्याहून जास्त सांधे असेच असतात, सर्वनामं, तारखा, आधीच्या वाक्यातली गोष्ट पुन्हा पकडणारे शब्द. मी मेल तपासताना नुसतं "धिस" दिसलं की पुढे नाम लिहायला लावते, "धिस डिले", "धिस शेड", म्हणजे वाचणाऱ्याला मागं जाऊन धिस म्हणजे नक्की काय ते शोधावं लागत नाही. क्लासच्या यादीत हे कधीच नसतं याचं मला फार वाईट वाटतं, कारण सगळ्यात जास्त उपयोग याचाच आहे.

आता आपल्या मराठी बोलणाऱ्यांची खास अडचण. आपल्याकडे जरी आला की तरी येतोच, जोडीशिवाय वाक्य पुरं झाल्यासारखं वाटत नाही, त्यामुळे इंग्रजीतही "ऑलदो द गड्डा वॉज क्राउडेड, बट वी एन्जॉइड इट" असं तोंडात येतं (गड्डा म्हणजे आपली सोलापूरची सिद्धेश्वर यात्रा). इंग्रजीत दोघांपैकी एकच घ्यायचा, ऑलदो ठेवा नाहीतर बट ठेवा. जुन्या इंग्रजीत दो आणि येट अशी जोडी सापडेल, पण आज परीक्षेत किंवा मेलमध्ये त्या वाटेला जाऊ नका. बिकॉजचंही तेच, "बिकॉज द बस वॉज लेट, सो आय मिस्ड द लेक्चर" यातला सो काढायचा. आणि डिस्पाइटच्या पुढे ऑफ नाही, ऑफ फक्त इन स्पाइटला. दोघांच्याही पुढे पूर्ण वाक्य येत नाही, नाम किंवा आयएनजीवालं रूप येतं: "डिस्पाइट द हीट", "डिस्पाइट वर्किंग ऑल नाइट". सोलापूरच्या उन्हाळ्यावर लिहायचं तर "डिस्पाइट द हीट" भरपूर वेळा लागेल.

लिहिताना हाउएव्हरची विरामचिन्हं सांभाळा, इथं चांगले चांगले चुकतात. "वी सेंट द सॅम्पल्स, हाउएव्हर द बायर डिड नॉट रिप्लाय" हे चूक. बट असता तर आधीचा स्वल्पविराम चालला असता, हाउएव्हरच्या आधी पूर्णविराम किंवा अर्धविराम हवा आणि नंतर स्वल्पविराम. देअरफोर, मोरओव्हर हे पण याच जातीचे. आणखी दोन पटकन सांगते. ऑन द कॉन्ट्ररी म्हणजे दुसरी बाजू नव्हे, आधीचं म्हणणं खोडून काढणं. दुसरी बाजू मांडायची तर ऑन द अदर हॅन्ड. आणि शेवटचा मुद्दा सांगताना ॲट लास्ट म्हणू नका, ते खूप वाट बघून एकदाचं झालं तेव्हा म्हणतात, मुद्द्यासाठी फायनली किंवा लास्टली.

बोलताना मात्र गणित वेगळं. तिथं सो, बट, अँड, बिकॉज, देन, एनीवे, एवढ्यावर इंग्रज माणूस पण दिवस काढतो, म्हणून मोरओव्हर आठवत नाही याचं टेन्शन अजिबात घेऊ नका. इंटरव्ह्यूत "टेल मी अबाउट युअरसेल्फ" विचारलं की आपली मुलं "फर्स्ट ऑफ ऑल" म्हणतात आणि मग सेकंड येतच नाही, त्यापेक्षा "देअर आर टू थिंग्ज" म्हणून दोनच सांगा. दर वाक्याला ॲक्च्युअली आणि बेसिकली लावायची सवय असेल तर ती सोडा, विचार करायला वेळ हवा असेल तर सरळ थांबा, दोन सेकंद गप्प राहिलेलं कुणाला खटकत नाही.

पुढे आयईएलटीएस, म्हणजे परदेशी जाण्यासाठी देतात ती इंग्रजीची परीक्षा, द्यायचा विचार आहे असंही तुम्ही लिहिलंय. तिथं रायटिंगच्या चार निकषांपैकी एक कोहिअरन्स अँड कोहिजन आहे, मुद्द्यांची सुसंगती आणि वाक्यांची जोडणी, म्हणजे एक चतुर्थांश मार्क त्याचेच, आणि म्हणूनच सगळीकडे याद्या वाटतात. पण ब्रिटिश कौन्सिलच्या साइटवर बँडची, म्हणजे गुणांच्या पातळ्यांची, वर्णनं फुकट मिळतात ती स्वतः वाचा. सगळ्यात वरच्या नऊ बँडला हे जोडकाम क्वचितच लक्षात येतं असं असायला हवं, आणि यंत्रवत जोडलेलं असेल तर ते सहाच्या वर्णनात जातं. म्हणजे जास्त शब्द घातले तर मार्क वाढत नाहीत, उलट अडकतात.

सरावासाठी मी ऑफिसातल्या मुलींना एक करायला लावते. ओळखीच्या विषयावर, गड्डा यात्रा म्हणा किंवा चादरीचा धंदा म्हणा, आठ-दहा साधी इंग्रजी वाक्यं लिहायची, जोडशब्द एकही नाही. मग दर दोन वाक्यांच्या मध्ये पेन्सिलनं मराठीत लिहायचं: म्हणून, तरीपण, त्यानंतर, उदाहरणार्थ, किंवा काहीच नाही. जिथं "काहीच नाही" आलं तिथं हात लावायचा नाही. बाकी ठिकाणी सगळ्यात साधा इंग्रजी शब्द टाकायचा आणि मोठ्यानं वाचायचं, कानाला खटकलं की तेवढंच बदलायचं.

आणि तुम्ही शेवटी विचारलंय की बट किंवा अँडनं वाक्य सुरू केलं तर चूक धरतात का. व्याकरणानं चूक नाही, चांगले इंग्रजी लेखक सर्रास करतात. पण युनिव्हर्सिटीच्या पेपरात तपासणारे सर-मॅडम जुन्या वळणाचे असू शकतात, तिथं तेवढ्यापुरतं हाउएव्हर वापरा, मेलमध्ये आणि बोलण्यात बिनधास्त बटनं सुरू करा.